षड्जाचा वाडगा

“मला निर्दोष ठरवलं नाहीत तरी चालेल, ताई. पण आईंना डभोईला जाऊ देऊ नका.”

संयोगिता प्रधान खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलून गेली. मग बसली, आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. हात हलले की तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणत. आज तिला तो आवाजही नकोसा झाला असावा.

देवश्री निंबाळकरने समोरची फाइल मिटली. फतेगंजात एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करून कंटाळल्यावर तिने स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. कोपऱ्यात तिचे मामा जयवंतराव जाड इंग्रजी शब्दकोश उघडून बसले होते. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. एखादा अर्थ पटला नाही की जीभ टाळूला लावून ‘चुक् चुक्’ करायची त्यांना सवय होती. आत्ताही त्यांनी तसंच केलं, आणि समोर परक्या बाई बसल्यात हे लक्षात येऊन ओशाळले.

“काय अडलं, मामा?”

“काही नाही गं. एक शब्द आहे, चिंक. चिंचोळ्या फटीलाही तोच, आणि काचेला काच लागून जो आवाज होतो त्यालाही तोच. दोन्ही एका शब्दात कसे राहतात कळत नाही. अर्थात मला कळत नाही, म्हणजे त्यात काही नसेलही.”

“आमच्या घरातलं भांडण नेमकं ह्याच दोन गोष्टींवरून आहे,” संयोगिता म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं.

तिच्या सासूबाई, प्रेमलाबाई, जलतरंग वाजवत. चिनी मातीच्या वाडग्यांची अर्धवर्तुळात मांडणी. पाणी कमीजास्त करून प्रत्येकाचा सूर लावायचा आणि काठावर बारीक काड्यांनी वाजवायचं. वाडगे सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेले. अप्पा गेल्या पौषात गेले. येत्या रविवारी त्यांच्या आठवणीत घरगुती मैफल ठेवली होती. अप्पा गेल्यावर प्रेमलाबाई पहिल्यांदाच चार लोकांसमोर बसणार होत्या.

“कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी वाडग्यांचं कपाट पुसत होते. आईंनी स्वतःच कमरेची किल्ली काढून दिली. पुसताना बांगडी एका वाडग्याला लागली. संध्याकाळी आई रियाजाला बसल्या, तर सगळ्यात मोठा, षड्जाचा वाडगा बोलेचना. तडा गेलाय त्याला.”

“तुझ्याआधी कपाट कुणी उघडलं होतं?”

“गेल्या आठवड्यातल्या रियाजापासून बंदच होतं.” ती थांबली. “आई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, शिर्क्यांच्या घरात तलवारी पुसायची सवय, वाडगे पुसायची नव्हे. माझं माहेर शिर्क्यांचं, फौजेतलं घराणं. आता मैफल रद्द केलीय आणि उद्या सकाळच्या बसने डभोईला बहिणीकडे राहायला चालल्यात. कायमच्या. बॅग भरलीय, ताई.”

“चला,” देवश्री उठली. “मामा, भिंग घ्या.”

---

प्रधानांचं घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत होतं. खाली भाडेकरू कांचनबेन, वर प्रधान.

प्रेमलाबाई दिवाणखान्यात ताठ बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. शेजारी खरोखरच एक निळी बॅग.

“पोलीस आणलेस का गं?” त्यांनी सुनेकडे न बघता विचारलं.

“पोलीस नाही काकू,” देवश्री म्हणाली. “मला वस्तू कशा फुटतात एवढंच कळतं. वीस वर्षं तेच बघितलंय. वाडगे दाखवाल?”

वाडग्यांचं नाव निघताच प्रेमलाबाईंचा ताठपणा थोडा कमी झाला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून कपाट उघडलं. काचेचे दोन पल्ले एकमेकांना नीट मिळत नव्हते. मधे काडी जाईल एवढी फट होती. आत पांढरे वाडगे, प्रत्येकाच्या काठाला निळी रेघ, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावलेले.

जयवंतराव वाकले. “मुंग्या आहेत,” ते पुटपुटले.

फटीतून आत गेलेली मुंग्यांची बारीक रांग मधल्या वाडग्यांना वळसा घालून पहिल्या, सर्वांत मोठ्या वाडग्यापाशी थांबली होती.

“ह्या कपाटात मुंग्या? कधी नसतात,” प्रेमलाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “खाण्याची वस्तू आत जाऊच देत नाही आम्ही.”

“वाडगे धुता कसे?”

“धुवायचे नाहीत. नळाखाली धरायचेच नाहीत, हा ह्यांचा नियम. ओल्या फडक्याने पुसायचे, बस्स.”

देवश्रीने मधल्या एका वाडग्यावर नखाने टिचकी मारली. स्वच्छ, लांबलेला ‘टिण्ण’. मग मोठ्यावर. ‘थड.’ जणू लाकूड.

प्रेमलाबाईंनी डोळे मिटले.

देवश्रीने मोठा वाडगा उजेडात धरला. तळापासून काठापर्यंत केसाएवढा तडा गेला होता. भिंगाखाली तो पांढरा नव्हता. पिवळसर केशरी दिसत होता. तिने रुमाल ओला करून घासला. रंग हलला नाही.

“काकू, संयोगिता पुसत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“माझ्या खोलीत. आवाज ऐकला आणि धावत आले. ही हात मागे घेऊन उभी.”

“एकच आवाज?”

“एकच.”

“कोणत्या वाडग्याचा?”

“पंचमाचा,” त्या पटकन म्हणाल्या. “कोरडे असले तरी ओळखते मी. पन्नास वर्षं ऐकतेय. पण बांगडी एकाला लागली, तर हात दुसऱ्यालाही लागला असणार. आदल्या रात्रीपर्यंत माझा षड्ज शुद्ध बोलत होता हो.”

“मी त्या टोकाला पोचलेच नव्हते, आई,” संयोगिता हळूच म्हणाली.

“मग काय, भुताने फोडला?”

संयोगिता स्वयंपाकघरात निघून गेली. देवश्रीने वाडगा जागेवर ठेवला आणि जिन्याकडे वळली.

जिन्यात जयवंतरावांनी तिची बाही ओढली. “देवू, मला फार वाईट वाटतंय. तो रंग हळदीचा आहे. मुलगी स्वयंपाकघरातून उठून पुसायला आली असेल, हात हळदीचे. नाहीतर फटीतून कुणीतरी विणायची सुई घालून... पण मग हळद कुठून येणार? माझं आपलं काहीतरीच.”

“हळद बोटांवरून वाडग्याला लागली असती तर वर राहिली असती, मामा. पुसली गेली असती. हा रंग तड्याच्या आत आहे.”

---

कांचनबेन दारातच भेटल्या. “आवो, आवो. बेसो. चहा ठेवते. वरची भांडणं मला सगळी ऐकू येतात, पण मी कान देत नाही हं.”

“कोजागिरीला तुम्ही वर होतात?”

“गच्चीवर. शरद पूनम ने! तुम्ही मराठी लोक ते केसरवालं दूध उकळून उकळून पिता, जीभ भाजते. आम्ही दुधात पोहे घालून दूध-पौंआ करतो, एकदम ठंडं, चांदण्यात ठेवून. प्रधानकाकांना आमचंच आवडायचं.” त्यांचा आवाज खाली आला. “दर वर्षी खाली यायचे. हातात मोठा सफेद वाडगा, निळ्या किनारीचा. म्हणायचे, कांचनबेन, तुमचं ठंडं दूध द्या, चंद्राला दाखवायचंय. मी हसायची. अरे काका, वर तुमच्याच घरी एवढं दूध उकळतंय! तर म्हणायचे, ते माणसांसाठी.”

“आणि ह्या वर्षी?”

“कोण येणार? मी दूध बाजूला काढून ठेवलं होतं. वेडपणा माझा.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “पण त्या रात्री, मी दूध घ्यायला गच्चीवरून खाली आले ने, तेव्हा वरून एक आवाज आला. एकच. मंदिरातल्या घंटीसारखा, मीठो. मला वाटलं, काकाच आले.”

“संयोगिता तेव्हा कुठे होती?”

“गच्चीवरच. सगळ्यांना दूध देत होती.”

जयवंतरावांनी ‘चुक् चुक्’ केलं. कांचनबेनने दचकून वर छताकडे पाहिलं.

“पाल नाही, आमचे मामा आहेत,” देवश्री म्हणाली.

बाहेर येताच फाटकाशी प्रेमलाबाईंचा मुलगा आनंद भेटला. बाजव्याच्या एका कारखान्यातली सकाळची पाळी संपवून तो आला होता. हेल्मेट काढता काढता म्हणाला, “काही कळलं? आईला थांबवायला हवं हो. मी बोललो तर म्हणते, तू बायकोची बाजू घेतोस. बायको म्हणते, तू आईला काही बोलत नाहीस. दोघींचंही खरं आहे.”

“कोजागिरीला तुमच्या आई गच्चीवर नव्हत्या?”

“गुडघे दुखतात म्हणाली. खोलीत होती, तिच्या खोलीला गॅलरी आहे.” तो घुटमळला. “एक सांगतो, पण संयोगिताला बोलू नका. मला झापेल. आईला शुगर आहे. तरी तिने त्या रात्री माझ्याकडे दूध मागितलं. साखर, केशर, सगळं घातलेलं, पेलाभर. मी पातेल्यातून उकळतंच नेऊन दिलं. वर्षातून एकदा, काय होतंय.”

“प्यायल्या?”

“सकाळी पेला रिकामा होता.”

देवश्री क्षणभर फाटकाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “कांचनबेनना वर बोलवा. आणि मामा, आता मी जे बोलेन त्यात काही कठोर वाटलं तर मला थांबवा.”

“मी?” जयवंतराव घाबरले.

---

सगळे दिवाणखान्यात बसले. संयोगिता दाराशी उभी राहिली.

“काकू, जरा पाठ फिरवून बसा,” देवश्री म्हणाली. “संयोगिता, पुसत होतीस तशीच सुरुवात कर. बांगडी जिथे लागली तिथे लागू दे.”

संयोगिताने फडकं घेतलं. लहान वाडग्यांपासून पुसत ती मधे आली. हात वळला. ‘टिण्ण.’

“पंचम,” प्रेमलाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“आणि त्या दिवशी?”

“हाच.”

“तुम्ही एकच आवाज ऐकलात आणि लगेच आत आलात. म्हणजे तिची बांगडी लागली ती ह्या वाडग्याला, आणि हा अजून धडधाकट आहे. षड्जाचा वाडगा पार त्या टोकाला. तरी तुम्ही म्हणाल, हात लागला असेल, आवाज न होता. म्हणून मी तडा बघितला. तो पिवळा आहे. कोरड्या वाडग्याला हात लागून गेलेला तडा पांढरा असतो. हा गेला तेव्हा वाडग्यात काहीतरी होतं. पिवळं, आणि गोड.”

“गोड?” आनंदने विचारलं.

“मुंग्यांना विचारा. सगळे वाडगे सोडून त्या त्याच्याकडे आल्या. वाडगा नुसता पुसला की वरचं निघतं, तड्यात गेलेलं राहतं. पिवळं आणि गोड असं ह्या घरात त्या दिवसांत एकच होतं. कोजागिरीचं केशरी दूध.”

“माझ्या वाडग्यात दूध कोण घालेल?” प्रेमलाबाई म्हणाल्या, पण आवाज मघासारखा नव्हता.

“एक जण दर वर्षी घालत होते. अप्पा. कांचनबेनकडचं थंड दूध. निळ्या काठाच्या मोठ्या वाडग्यात, चंद्रासाठी.”

कांचनबेनने तोंडावर हात ठेवला. “तो वाडगा हाच होता?”

“अप्पांना वाडग्यांचं कळत होतं. घरात उकळतं दूध असताना ते खाली थंड मागायला का जायचे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसावं. पातळ, जुनी चिनी माती. गार असताना उकळतं ओतलं तर टिकत नाही.” देवश्रीचा आवाज आता अगदी खाली आला. “कोजागिरीच्या रात्री कांचनबेननी वरून एक गोड सूर ऐकला. सगळी मंडळी गच्चीवर होती. म्हणजे त्या रात्री कपाट उघडलं गेलं होतं, आणि सूर लागला तेव्हा वाडगा शाबूत होता. किल्ली एकाच जुडग्यात असते. काकू, तुम्ही मला मघाशी म्हणालात, आदल्या रात्रीपर्यंत षड्ज शुद्ध बोलत होता. बंद कपाटातला वाडगा आदल्या रात्री शुद्ध बोलत होता, हे कुणाला माहीत असणार...”

जयवंतराव खाकरले. देवश्री लगेच थांबली.

मग प्रेमलाबाईंनी कमरेचा जुडगा काढून मांडीवर ठेवला.

“मीच,” त्या म्हणाल्या. “अगं बाई. मीच की.”

“आई...”

“थांब रे आनंद. ह्यांच्या मागे पहिलीच कोजागिरी. ह्यांचा वाडगा चांदण्यात गेला नाही असं कसं चालेल, म्हणून काढला. दूध तू दिलंस ते झाकून ठेवलं. आधी वाडग्यात माठातलं गार पाणी घातलं आणि सा लावला. आणि विचारलं ह्यांना. ह्या वयात असलं काही सांगायला लाज वाटते. विचारलं, रविवारी मी एकटी वाजवू का हो? मग पाणी ओतून दूध घातलं. इतकी वाफ, चंद्र दिसेचना त्यात. आणि तेवढ्यात टिक् असा आवाज आला.”

त्यांनी ओठ दाबून धरले.

“मला वाटलं, पाल चुकचुकली, म्हणजे मनातलं खरं होणार. म्हटलं, चला, हे हो म्हणाले. इतकी आनंदले मी! दूध चाफ्याच्या कुंडीला घातलं, वाडगा पुसला, ठेवून दिला. हो कसलं. वाडगा तडकल्याचा आवाज होता तो.”

संयोगिता वळून आत गेली.

“गेली,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “जाणारच. काय काय बोलले मी तिला.”

स्वयंपाकघरातून भांड्यांची खणखण ऐकू येऊ लागली. कपाटं उघडली, मिटली. कांचनबेनने आनंदकडे पाहिलं, आनंदने पंख्याकडे.

संयोगिता बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मोठं तबक होतं. त्यात घरातला चिनी मातीचा एकूण एक वाडगा, बाऊल, चटणीची वाटीसुद्धा.

“ह्यातलं कुठलं बोलतं का बघा,” ती म्हणाली. “रविवारला दोन दिवस आहेत अजून.”

प्रेमलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काडी उचलली.

पहिला वाडगा ‘खट्’ म्हणाला. दुसरा वर चढला. “मी आणते माझा!” म्हणत कांचनबेन खाली पळाल्या आणि दूध-पौंआचा वाडगा घेऊन धापा टाकत आल्या. तो गंधाराच्या खाली उतरायला तयार नव्हता. “माझ्यासारखाच, वरच्या पट्टीत,” कांचनबेन म्हणाल्या, आणि त्या घरात दोन दिवसांनी कुणीतरी हसलं.

तबकाच्या तळाशी एक जाड, ओबडधोबड वाडगा उरला. त्याच्या काठाला दह्याचा पांढरा ओघळ होता. संयोगिताने तो घाईघाईने पदराने पुसला. “हा राहू दे आई, ह्यात मी विरजण लावते.”

“इकडे आण.”

प्रेमलाबाईंनी पाणी घातलं. वाजवलं. थोडं अजून घातलं. पुन्हा वाजवलं. बोटाने चार थेंब काढून टाकले.

मग सूर आला. खालचा, भरदार, खोलीभर पसरून सावकाश विरणारा.

“हा कुणाचा?”

“माझ्या आजोबांचा. फौजेतून आणला होता. लग्नात आईने दिला.”

“शिर्क्यांचा,” प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनी वाडग्याच्या काठावरून बोट फिरवलं. “मी तलवारींचं बोलले होते ना गं तुला?”

“तलवारी पुसतातच आमच्याकडे. दहीही लावतात.”

“आता दह्याला दुसरं भांडं बघ. हा मिळायचा नाही.” मग मुलाकडे वळून, “मावशीला फोन लाव. म्हणावं, मी येत नाही. रविवारी तूच ये.”

आनंदने फोन काढला. पण प्रेमलाबाईंचं लक्ष पुन्हा तडकलेल्या वाडग्याकडे गेलं होतं. काडी हातात तशीच राहिली.

“सूर मिळाला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पण ह्यांचं उत्तर काही मिळालं नाही.”

तेवढ्यात कुठूनतरी, भिंतीच्या बाजूने, अगदी स्पष्ट आवाज आला.

‘चुक् चुक् चुक्.’

संयोगिताने नकळत बाजूच्या टेबलावर बोटांनी टकटक केली आणि म्हणाली, “खरं आहे!”

प्रेमलाबाईंनी वर बघितलं. मग पदर खोचून त्यांनी दोन्ही काड्या हातात घेतल्या.

“ऐकलं हो,” त्या म्हणाल्या. “बसते.”

---

उन्हं कलली होती. देवश्रीने स्कूटर सुरू केली. जयवंतराव मागे जपून बसले. वरच्या खिडकीतून जलतरंग ऐकू येत होता. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई.

“मामा.”

“काय गं?”

“पाल दिसली का तुम्हाला?”

“नाही बुवा. ऐकू आली.”

“आवाज तुमच्या खुर्चीकडून आला.”

“असेल,” जयवंतराव म्हणाले. “चूक केली का मी, देवू? मला नक्की कळत नाही कधी.”

देवश्रीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“पहिल्यांदाच बरोबर ठिकाणी केलंत,” ती म्हणाली आणि स्कूटर गल्लीबाहेर काढली.